सातबाऱ्यावरचे लेकीचे नाव : रहाटणीच्या मातीतला वारसाहक्काचा इतिहास

१/२४
समजा, रहाटणीतल्या एका शेतकरी घरात दोन बहिणी आहेत. थोरलीचे लग्न मे १९९४ मध्ये झाले, धाकटीचे त्याच वर्षीच्या डिसेंबरात. वडील एक, जमीन एक, घरही एकच. तरीही १९९४ संपताना वडिलोपार्जित जमिनीत धाकटी भावाच्या बरोबरीने जन्मसिद्ध वाटेकरी होती आणि थोरलीला तो हक्क नव्हता. सात महिन्यांच्या अंतराने सख्ख्या बहिणींचे हक्क वेगळे कसे झाले, त्याचा हा इतिहास.

२/२४
रहाटणी हे पवना नदीकाठचे जुने गाव. काळेवाडी, थेरगाव, वाकड आणि पिंपळे सौदागर हे त्याचे शेजारी. आज तेथे उंच गृहसंकुले आहेत, सकाळ-संध्याकाळ हिंजवडीच्या दिशेने वाहनांची रांग आहे. दोन पिढ्यांपूर्वी मात्र हे शेतीचे गाव होते आणि कुटुंबाची सारी मिळकत म्हणजे सातबाऱ्यावरची जमीन.

३/२४
या गावाच्या इतिहासात तारखांच्या दोन माळा समांतर चालतात. पहिली माळ जमिनीच्या किमतीची : कारखाना आला, प्राधिकरण आले, महापालिका आली. दुसरी माळ लेकीच्या हक्काची : १९३७, १९५६, १९९४, २००५, २०२०. पहिली माळ नेहमी पुढे धावली आणि दुसरी मागे राहिली. रहाटणीसारख्या गावांतल्या बहुतेक कौटुंबिक वादांचे मूळ या मागे राहण्यात सापडते.

४/२४
दुसऱ्या माळेची सुरुवात फार जुनी आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या आरंभी, कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, मराठी मुलुखाच्या अगदी सीमेवरचे. या टीकेतील एक सिद्धांत पुढे सुमारे नऊशे वर्षे टिकला : वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो.

५/२४
मुलगा, नातू आणि पणतू हे जन्माने वाटेकरी, कायद्याच्या भाषेत ‘सहदायाद’. त्यांपैकी एक मरण पावला की त्याचा हिस्सा उरलेल्यांत मुरतो. त्याची विधवा अथवा मुलगी यांच्याकडे तो जात नाही. यालाच उत्तरजीवित्वाचा नियम म्हणतात. लेकीला घरातून पोषण मिळे, लग्नाचा खर्च मिळे, स्त्रीधन मिळे. जमिनीत वाटा मिळत नसे. बंगालात जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने मात्र मुलाचा जन्मसिद्ध हक्कच मान्य केला नाही. तेथे वारसा बापाच्या मृत्यूनंतरच उघडे.

६/२४
पश्चिम भारतात आणखी एका ग्रंथाला मान होता : सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीत स्थिरावलेले. या परंपरेमुळे मुंबई इलाख्यातील हिंदू कायदा स्त्रियांबाबत इतर प्रांतांहून थोडा उदार राहिला. बापाची विभक्त मिळकत लेकीकडे आलीच, तर ती तिच्या पूर्ण मालकीची होई. अन्य प्रांतांत ती बहुधा तहहयात उपभोगापुरतीच असे. अर्थात त्यासाठी बापाला मुलगा नसावा लागे आणि विधवेचा क्रम लेकीच्या आधी येई.

७/२४
पेशवाईनंतर आलेल्या इंग्रजांपुढे प्रश्न होता : रयतेचा कायदा कोणता मानायचा? एल्फिन्स्टनच्या आदेशावरून आर्थर स्टील याने दख्खनमधील जातीजातींचे रिवाज गोळा केले. तो ग्रंथ १८२७ मध्ये आला. अदालतींत शास्त्री नेमले होते. वाटणी, दत्तक, विधवेचा हक्क यांवर न्यायाधीश त्यांना लेखी प्रश्न विचारीत आणि शास्त्री ग्रंथाधारासह उत्तर देत. कौटुंबिक वादांवरील सरकारी कायदेशीर सल्ल्याचे हे एक आरंभीचे रूप.

८/२४
१८६४ मध्ये ही पदे रद्द झाली. त्यानंतर रेमंड वेस्ट आणि योहान गेओर्ग ब्यूलर यांनी शास्त्र्यांची अनेक उत्तरे संकलित करून हिंदू कायद्याचा संग्रह प्रसिद्ध केला. एक बदल मात्र खोलवर झाला. गावागावांत आणि जातीजातीत निराळा असणारा रिवाज आता छापील ग्रंथ आणि न्यायालयीन निवाडे यांच्या चौकटीत बसू लागला. त्या चौकटीत लेकीचा जमिनीवरचा जन्मसिद्ध हक्क नव्हताच.

९/२४
पहिली फट पाडली ती मुंबईतील शल्यविशारद आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य डॉ. गो. वि. देशमुख यांनी. त्यांच्या विधेयकातून १९३७ चा ‘हिंदू स्त्रियांचा संपत्तीवरील हक्क’ कायदा आला आणि १४ एप्रिल १९३७ पासून लागू झाला. एकत्र कुटुंबातील विधवेला पतीचा हिस्सा मिळू लागला, तोही मर्यादित हक्काने : उपभोग घ्यावा, पण मनाप्रमाणे विकू नये. लेकीला या कायद्याने काहीच दिले नाही.

१०/२४
त्यातही खोच होती. हा केंद्रीय कायदा प्रांतांतील शेतजमिनीला लागू होत नाही, असे फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये ठरवले, कारण शेतजमीन हा प्रांतांचा विषय होता. गावच्या बाईची खरी मिळकत शेतजमीन आणि नेमकी तीच कायद्याबाहेर! ही उणीव भरण्यासाठी प्रांतांना वेगळे कायदे करावे लागले. शहरातील घराची विधवा आणि रानातील विधवा यांच्यात कायद्यानेच अंतर पाडले होते.

११/२४
१९४१ मध्येच बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायदा समिती नेमली गेली. पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे ज. र. घारपुरे तिचे एक सदस्य होते. या समितीच्या मसुद्यात लेकीला मुलाच्या निम्मा वाटा होता. पुढे कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या देखरेखीखाली विधेयकाने मोठी उडी घेतली : लेकीला मुलाइतकाच वाटा आणि मिताक्षरेतील जन्मसिद्ध हक्काचा शेवट. जन्माने कोणीच वाटेकरी नसेल, तर मुलगा व मुलगी एकाच रेषेवर उभे राहतील, असा तो विचार होता.

१२/२४
संसदेत आणि संसदेबाहेर प्रखर विरोध झाला. मुली सासरी गेल्यावर जमिनीचे तुकडे होतील, जावई गावात येऊन वाद उकरतील, एकत्र कुटुंब मोडेल, असे आक्षेप घेतले गेले. विधेयक रेंगाळले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला; त्याच्या कारणांत हिंदू संहितेची झालेली उपेक्षा हे एक प्रमुख कारण होते. त्यानंतर संहितेचे तुकडे करून निरनिराळे कायदे आणण्यात आले. वारसाविषयक विधेयक संसदेत पुढे नेणारे मंत्री हरि विनायक पाटसकर हेही महाराष्ट्राचेच.

१३/२४
१७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू झाला. त्याने खूप काही दिले. विधवेचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलला. बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसल्यास, लेकीला मुलाइतकाच वाटा मिळाला. पण आंबेडकरांनी जे मोडायला काढले होते, ते कलम ६ ने जपले : वडिलोपार्जित मिळकतीतील मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क कायम राहिला. कलम २३ ने आणखी एक अट घातली. भाऊ वाटणी करत नाहीत तोवर बहिणीने राहत्या घराची वाटणी मागू नये.

१४/२४
याचा अर्थ आकड्यांत पाहावा. सांगलीच्या न्यायालयातून निघालेला गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम हा खटला १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचे. कुटुंबप्रमुख १९६० मध्ये वारलेला, मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. कायद्याने आधी ‘मानीव वाटणी’ करायची, म्हणजे मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असती तर कोणाला काय मिळाले असते, ते पाहायचे. बाप, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी १/४.

१५/२४
मग बापाचा १/४ सहा वारसांत समान वाटायचा, प्रत्येकाला १/२४. गोळाबेरीज अशी : आईला ७/२४, प्रत्येक मुलाला ७/२४ आणि प्रत्येक मुलीला १/२४. या निकालाने विधवेचा वाटा भक्कम केला, म्हणून तो गौरवला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच हिशेबात १९५६ च्या कायद्याने लेकीला नेमके किती दिले तेही उघड होते. भावाला सात एकर, तर बहिणीला एक.

१६/२४
आता पहिली माळ. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी परिसरात कारखान्यांची रांग लागली. १९७० मध्ये नगरपालिका झाली. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगारांच्या घरांसाठी ज्या गावांच्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या, त्यांत रहाटणीही होती. १९८२ मध्ये महापालिका आली. लेकीचा वाटा १/२४ च्या हिशेबाने मोजला जात होता, त्याच वर्षांत या जमिनीचा पैसा होऊ लागला.

१७/२४
हा पैसा कोणाच्या हाती पडला, हे बऱ्याच अंशी महसुली दप्तराने ठरवले. सातबाऱ्यावर सगळ्या वारसांऐवजी थोरल्या मुलाचे एकट्याचे नाव ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशी नोंद करून लावण्याची पद्धत होती. बहिणींची नावे लागलीच, तर पुष्कळदा ‘इतर अधिकार’ या रकान्यात. भूसंपादनाची नोटीस आणि मोबदला यांचा प्रवास दप्तरातल्या नावांच्या मागे होई. जिचे नाव फेरफारात आले नाही, तिच्यापर्यंत तलाठ्याचा कागद पोहोचण्याचे कारणच नव्हते.

१८/२४
संपादनाच्या धास्तीने आणि वाढत्या मागणीने शेतांचे गुंठेही पडू लागले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र येथून आलेल्या कामगारांनी काळेवाडी-रहाटणी पट्ट्यात एक-एक, अर्धा-अर्धा गुंठा घेऊन घरे बांधली. अनेक व्यवहार नोंदणीविना, नुसत्या मुद्रांकाच्या कागदावर झाले. राज्याला २००१ मध्ये गुंठेवारीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. एका बाजूला कामगाराच्या आयुष्याची कमाई, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्याच्या बहिणीचा न विचारलेला हक्क. आजच्या अनेक वादांत ही दोन्ही माणसे न्यायालयात समोरासमोर उभी असतात आणि दोघांचीही बाजू खरी असते.

१९/२४
दरम्यान दक्षिणेत बदल झाला होता. केरळने १९७५ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबच कायद्यातून संपवले. आंध्र प्रदेशाने आणि त्यामागोमाग १९८९ मध्ये तमिळनाडूने लेकीला जन्मसिद्ध वाटेकरी केले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण जाहीर केले. मुख्यमंत्री शरद पवार होते. त्याच वर्षी हिंदू उत्तराधिकार कायद्याला राज्याची दुरुस्ती आली आणि २२ जून १९९४ पासून मुलगीही मुलाप्रमाणे जन्माने सहदायाद झाली. विज्ञानेश्वराच्या सिद्धांताला मराठी मुलुखात प्रथमच कायद्याने लेक जोडली गेली.

२०/२४
पण अट होती : त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुलींना हा हक्क नाही. सुरुवातीच्या दोन बहिणींचा उलगडा येथे होतो. थोरली मे महिन्यात बोहल्यावर चढली, म्हणून ती बाहेर. धाकटी जूनपर्यंत अविवाहित, म्हणून ती आत. ‘लग्न झालेली लेक परक्या घरची’ हा रिवाज सुधारणेच्या कायद्यातही शिरला होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले आणि वाकड-रहाटणी पट्ट्यात जमिनीला अभूतपूर्व भाव आला. त्या वेळी थोरल्या बहिणींची एक सबंध पिढी जन्मसिद्ध हक्काबाहेर होती.

२१/२४
धाकटीचा मार्गही सरळ नव्हता. जमीन विकायची तर खरेदीदाराचा वकील आता बहिणीची सही मागू लागला आणि ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द घरोघरी पोहोचला. कागद साधा, मुद्रांक शुल्क नाममात्र, काम दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तासाभराचे. परंतु सही करणारीपुढे वेगळाच हिशेब असतो. सही नाकारली तर माहेर तुटेल का? भाऊबीजेला कोण बोलावील? सासरी काही झाले, तर परतायला कोणते दार उघडे राहील? अनेकींनी राजीखुशीने सह्या केल्या, अनेकींनी या प्रश्नांच्या ओझ्याखाली. कागदावर दोन्ही सह्या सारख्याच दिसतात.

२२/२४
९ सप्टेंबर २००५ रोजी केंद्रीय दुरुस्ती लागू झाली आणि विवाहाची अट गेली. देशभरातील हिंदू कुटुंबांत लेक जन्माने सहदायाद झाली. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे बौद्ध, जैन व शीखही त्यात आले. राहत्या घराबाबतचे कलम २३ वगळले गेले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या विक्री, हस्तांतरणे आणि वाटण्या अबाधित ठेवल्या गेल्या. मग नवा वाद उठला : २००५ पूर्वीच बाप वारला असेल तर? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फुलवती प्रकरणात आणि २०१८ मध्ये दानम्मा प्रकरणात यावर एकमेकांशी न जुळणारी उत्तरे दिली. फुलवती निकालाने बाप हयात असण्याची अट घातली. दानम्मा प्रकरणात बाप २००१ मध्येच वारलेला असूनही लेकींना वाटा मिळाला.

२३/२४
११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात न्या. अरुण मिश्रा, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांच्या पीठाने हा गुंता सोडवला. हक्क जन्माने मिळतो, म्हणून २००५ मध्ये बाप हयात असणे आवश्यक नाही. ‘आमची तोंडी वाटणी पूर्वीच झाली’ हा बचावही सहज मान्य होणार नाही; त्याला सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार लागेल. या निकालापासून जुना फेरफार उतारा, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र आणि गाव नमुना ६-क मधील वारस नोंद ही कुटुंबाच्या इतिहासाची साधने ठरली. घटस्फोट व मुलांचा ताबा यांसाठी कौटुंबिक न्यायालय आहे. वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो आणि तेथे हेच कागद बोलतात.

२४/२४
त्या दोन बहिणींचे आज काय? जमीन अजून एकत्र आणि अविभक्त असेल, तर थोरली, धाकटी आणि भाऊ तिघेही कायद्याने समान वाटेकरी आहेत. मे आणि डिसेंबर यांतला फरक पुसला गेला आहे. पण जमीन १९८५ साली संपादनात गेली असेल, अथवा १९९२ मध्ये गुंठ्यांनी विकली गेली असेल, तर वाटायला उरते काय? हक्क आला तेव्हा शेत नव्हते. शेत होते तेव्हा हक्क नव्हता. रहाटणीच्या अनेक घरांत लेकीच्या वारशाचा इतिहास या दोन वाक्यांत येतो. ज्या घरांत शेवटचे काही गुंठे अजून सामाईक आहेत, तेथे पुढचा फेरफार अजून लिहायचा आहे. त्यात कोणाकोणाची नावे लागतात, ते त्या घरातली माणसेच ठरवतील.